वसंतात पथ्य प्रकृतीचे पाळायचे की ऋतूचे?

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. वय ३६, गाव लातूर, नोकरी पुण्यात, दिवसभर एसीत बसून काम. एका ऑनलाइन चाचणीत तुमची प्रकृती ‘वात-पित्त’ निघाली. तरीही दरवर्षी फेब्रुवारी सरत आला की सकाळी नाक चोंदते, डोके जड होते, भूक लागत नाही आणि दुपारी जेवल्यावर डोळे मिटायला लागतात. मित्र म्हणतो वमन, म्हणजे औषध देऊन उलटी काढण्याचे आयुर्वेदिक कर्म, करून घे. जिममधला कोणी रोज ग्लासभर कडुनिंबाचा रस प्यायला सांगतो. तुम्ही स्वतः गरम पाणी, मध आणि लिंबू सुरू केलेत, तर छातीत जळजळू लागले. आई म्हणते, अंग कोरडे पडलेय, तूप वाढव. आणि शेवटी तुम्ही विचारता, ‘प्रकृती वात-पित्त असताना मी कफाचे पथ्य पाळले तर माझी प्रकृती बिघडणार नाही का?’

खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. त्याचे उत्तर नीट लागले की वमन, कडुनिंब, मध, तूप या सगळ्यांचा निकाल आपोआप लागतो.

प्रकृती जन्मतः ठरते आणि आयुष्यभर साधारण तशीच राहते. महिनाभर ज्वारीची भाकरी आणि मुगाचे कढण खाल्ल्याने ती बदलत नाही. बदलते ती अवस्था, म्हणजे आज शरीरात वात, पित्त, कफ यांपैकी कोणता दोष वाढला आहे आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, कशी आहे ते. वात-पित्त प्रकृतीच्या माणसालाही सर्दी होते आणि कफाच्या माणसालाही आम्लपित्त होते. मी रुग्ण तपासते तेव्हा औषध आणि पथ्य आजच्या अवस्थेवरून ठरवते. प्रकृती मला एवढेच सांगते की या माणसावर उपायाचा जोर किती लावायचा आणि कुठे थांबायचे. म्हणून वसंतात तुम्हीही कफ कमी करणारेच पथ्य पाळायचे, मात्र कफ प्रकृतीच्या माणसाइतके कडक नाही आणि तितके दिवसही नाही.

ऑनलाइन चाचणीबद्दल एक सांगते. ‘झोप कशी आहे, त्वचा कोरडी आहे का, चिडचिड होते का’ असे प्रश्न विचारले की माणूस गेल्या महिन्याभरातले उत्तर देतो. एसीमुळे कोरडी पडलेली त्वचा आणि कामाच्या ताणाने उडालेली झोप त्यात ‘वात प्रकृती’ म्हणून मोजली जाते. तुमची प्रकृती खरेच वात-पित्त असेलही. पण केवळ त्या निकालावर वर्षाचे पथ्य ठरवू नका. एकदा जवळच्या वैद्यांकडून नाडी, जीभ, शरीराची ठेवण, लहानपणापासूनच्या सवयी असे सगळे बघून घ्या.

आता वसंतातच हे का होते ते पाहू. चरकसंहिता आणि वाग्भटांचे अष्टांगहृदय हे आयुर्वेदाचे जुने ग्रंथ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय आणि अष्टांगहृदयातला तिसरा अध्याय ऋतुचर्येचे, म्हणजे ऋतूनुसार वागण्याचे, आहेत, आणि दोघांचे म्हणणे एकच आहे: थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो, सुटतो आणि अग्नीला मंद करतो. खोबरेल तेलाची बाटली डिसेंबरात घट्ट गोठलेली असते आणि मार्चच्या उन्हात आपोआप वाहू लागते, तसे हे आहे. तुमची सगळी लक्षणे या एका वाक्यात बसतात. नाक आणि डोके हे सुटलेल्या कफाचे काम, तर भूक नसणे आणि जेवणानंतरची गुंगी हे मंद अग्नीचे.

पण कफ साठला कशाने, हेही बघा. आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ, बाजरीची भाकरी आणि लोणी, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर हा सगळा थंडीचा आहार आहे आणि थंडीत तो अगदी योग्य आहे, कारण तेव्हा अग्नी जोरात असतो. अडचण होते ती ऋतू उलटल्यावर. डबा भरलेला असतो, आईने प्रेमाने दिलेले असते, म्हणून लाडू होळी उलटून गेली तरी चालूच राहतात. मार्चमध्ये भूक गेली म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते: घरात डिंकाचे लाडू अजून आहेत का? बहुतेक वेळा असतात. तुमच्या घरीही बघा.

इथून पुढचे बरेचसे तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. पंचांगात चैत्र-वैशाख हा वसंत. शोधनासाठी, म्हणजे वमनासारख्या कर्मांसाठी, सुश्रुत या प्राचीन आचार्यांनी फाल्गुन-चैत्र हा वसंत धरला आहे. महाराष्ट्रातल्या आजच्या हवेला मला ही दुसरी विभागणी जास्त जवळची वाटते. माझे चिकित्सालय साताऱ्यात आहे. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला मार्चअखेरही रात्री पांघरूण लागते आणि फलटण-माणच्या बाजूला तेव्हा दुपारी रानात उभे राहवत नाही. महाबळेश्वरच्या माणसाला मी एप्रिलमध्येही सुंठीचे पाणी देते. फलटणच्या माणसाला ते कधीच बंद केलेले असते. विदर्भात तर वसंत हाती लागेपर्यंत ग्रीष्म येतो. कोकणात दमटपणामुळे जडपणा लांबतो. पुण्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहाट गार आणि दुपार तापलेली असा मोठा फरक पडतो, आणि कफ सुटायला हाच काळ असतो. तेव्हा तुमच्यासाठी वसंत म्हणजे साधारण फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पहिला आठवडा. तुम्ही एप्रिलमध्ये लातूरला गेलात तर तिथे तो संपलेला असेल, हे लक्षात ठेवा.

मुख्य काम जेवणातच होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ग्रंथांत वसंतासाठी जुने जव आणि जुना गहू सांगितला आहे. ‘जुने’ म्हणजे वर्षभर ठेवलेले. नवे धान्य पचायला जड, हा आपल्या आजीलाही ठाऊक असलेला नियम. पण वर्षाचा गहू भरण्याचा हंगाम नेमका मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि नव्या गव्हाच्या पोळ्या लगेच सुरू होतात. जुना गहू शिल्लक असेल तर आधी तो संपवा. नसेल तर धान्य कढईत मंद आचेवर कोरडे भाजून मग दळायला द्या. तांदूळही भाजून घेतला की हलका होतो. जवाचे पीठ मिळाले तर गव्हात चौथा हिस्सा मिसळा. रोजच्यासाठी ज्वारीची भाकरी उत्तम, पण तुमच्यासारख्याने ती कोरडी खाऊ नये, पातळ भाजी किंवा आमटीत कुस्करून खावी. बाजरी आता बंद.

डाळींमध्ये मूग आणि मसूर. कुळथाचे पिठले किंवा सार कफावर फार चांगले, पण कुळीथ उष्ण असतो. तुम्हाला जळजळ होते आहे, तेव्हा तूर्त आठवड्यातून एकदा किंवा तेही नको. भाज्यांत पडवळ, दुधी, दोडका, कारले, शेवग्याच्या शेंगा घ्या. शेवग्याला या दिवसांत फुलोरा असतो, फुलांची भाजी मिळाली तर जरूर करा. कच्ची कोशिंबीर आणि सॅलडवर दिवस काढू नका. ते हलके वाटते, पण मंद अग्नीला पचवायला अवघड असते आणि वाताच्या माणसाला त्याने पोटात गुबारा धरतो.

दही या ऋतूत टाळा. चरकांनी शरद, ग्रीष्म आणि वसंत या तिन्ही ऋतूंत दही सहसा अयोग्य म्हटले आहे, आणि सर्दीच्या रुग्णांत मला त्याचा प्रत्यय सतत येतो. ताक चालेल, तेही दुपारच्या जेवणात, लोणी काढलेले, ताजे, जिरे आणि सैंधव घालून. पाडव्याच्या श्रीखंडाबद्दल मला दरवर्षी विचारतात. सण आहे, दुपारच्या जेवणात वाटीभर खा आणि त्या दिवशी झोपू नका. पण उरलेले श्रीखंड फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर रात्री खाणे हे कफाला निमंत्रणच आहे. स्ट्रॉबेरी-क्रीमचेही तेच: आंबट, गोड, गार आणि जड, असे वसंतात वर्ज्य सांगितलेले चार गुण एकाच पेल्यात.

पाण्याबद्दल वाग्भटांनी एक फार उपयोगी गोष्ट दिली आहे. वसंतात सुंठीचे पाणी, मधाचे पाणी, नागरमोथ्याचे (एका औषधी गवताच्या मुळाचे) पाणी असे पर्याय सांगितले आहेत. माझ्या मते प्रकृतीचा उपयोग खरा इथे होतो. कफाच्या माणसाला सुंठ. तुमच्यासारख्या, पित्त असलेल्या आणि जळजळ होणाऱ्या माणसाला नागरमोथा. तोही अग्नी वाढवतो, पण सुंठीसारखा तापत नाही. एक लिटर पाण्यात नागरमोथ्याचे अर्धा चमचा भरड घालून चांगले उकळा, गाळा आणि दिवसभर तहान लागेल तसे कोमट प्या. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी रिचवू नका, मंद अग्नीवर त्याचाही भार पडतो.

त्यावरून मध-लिंबाकडे येते. आयुर्वेदात मध तापवणे किंवा उष्ण द्रव्यांबरोबर घेणे निषिद्ध आहे. त्यात उपाशीपोटी लिंबू, तेही पित्ताच्या माणसाला, म्हणून तुमच्या छातीत जळजळतेय. हे आजच थांबवा. मध घ्यायचाच असेल तर एक चमचा मध साध्या पाण्यात सकाळी घ्या. मधुमेह असेल तर हा प्रयोग करू नका, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये.

कडुनिंबाचे असे आहे. पाडव्याला आपण कोवळी पाने ओवा, मिरी, हिंग, मीठ, चिंच आणि गुळाबरोबर वाटून खातो. कडूबरोबर तिखट, खारट, आंबट आणि गोड अशी ती जोडणी आहे. नुसता कडू रस थंड आणि रूक्ष असतो, तो वात वाढवतो. कडुनिंबाचा रस महिना-दीड महिना रोज घेऊन कोठा घट्ट झालेले, झोप गेलेली, अंग दुखणारे लोक माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात. त्यांतले बरेचसे वाताचे असतात. तुम्ही ग्लासभर रस घेऊ नका. चैत्राच्या सुरुवातीला आठ-दहा दिवस चार-पाच कोवळी पाने पाडव्याच्या पद्धतीने घेतली की पुरे. गर्भवतींनी आणि मूल हवे म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांनी तीही टाळावीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आई तूप वाढव म्हणते, ती कोरडी त्वचा बघून म्हणते, आणि तिचे निरीक्षण बरोबर आहे. फक्त वेळ आत्ताची नाही. भूक नसताना, जिभेवर पांढरा थर असताना तूप वाढवले तर जडपणा वाढेल. आधी आठ-दहा दिवस हलके जेवा. भूक कडकडून लागू लागली आणि जीभ स्वच्छ झाली की दुपारच्या गरम जेवणावर एक चमचा तूप सुरू करा. तोवर कोरडेपणासाठी आंघोळीआधी हातपाय आणि तळव्यांना थोडे तिळाचे तेल लावा. बाहेरून तेल आणि आतून हलके जेवण, ही जोडी वाताच्या माणसाला वसंतात चांगली मानवते.

आता वमन. याबद्दल मी आग्रहाने लिहिणार आहे, कारण या कर्मावर माझा मनापासून विश्वास आहे आणि ते घाईत उरकलेले पाहिले की वाईट वाटते. वसंतात वमन हे शास्त्राने सांगितलेलेच आहे. दरवर्षी याच दिवसांत दमा उठणारे, त्वचेचे जुने विकार असणारे, वारंवार सायनसचा त्रास होणारे, आणि अंगात पुरेसे बळ असणारे अशा रुग्णांना वमनाने मिळणारा आराम मी पाहिला आहे. पण वमन म्हणजे एका सकाळी उलट्या करणे नव्हे. आधी पाचनाची औषधे. मग तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप. त्यानंतर मालीश आणि शेक, मधल्या दिवशी कफ सुटावा असा आहार. मग प्रत्यक्ष कर्माच्या सकाळी दूध किंवा उसाचा रस गळ्यापर्यंत पाजून गेळफळाचे औषध, आणि प्रत्येक वेगाकडे, नाडीकडे, रक्तदाबाकडे वैद्यांचे लक्ष. त्यानंतर शुद्धी कशी झाली त्यानुसार तीन, पाच किंवा सात दिवस पेज, घट्ट पेज, मुगाचे कढण असा क्रम, कारण अग्नी तेव्हा अगदी नाजूक असतो. असे सगळे मिळून दोन-तीन आठवडे जातात, आणि त्या काळात रात्रीच्या शिफ्ट, प्रवास, बाहेरचे जेवण चालत नाही.

म्हणून अर्ध्या दिवसाच्या शिबिरात ‘वमन’ करून देतो असे कोणी म्हणाले तर जाऊ नका. मिठाचे पाणी पिऊन उलटी काढणे ही हठयोगातली क्रिया आहे. तिची जागा वेगळी, पण ती वमनाऐवजी चालत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पोटातला अल्सर, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, फार अशक्तपणा यांत वमन देत नाहीत. तुमच्याबाबतीत, नुसते नाक चोंदणे आणि जडपणा एवढ्यासाठी, वात-पित्त प्रकृतीला आणि छातीत जळजळ चालू असताना मी यंदा वमन सुचवणार नाही. पथ्य सांभाळूनही पुढच्या वर्षी हाच त्रास जोराने आला तर फेब्रुवारीच्या मध्यावर वैद्यांना भेटा, तेव्हा विचार करता येईल.

बाकीचे उपाय सोपे आहेत. व्यायाम रोज करा, पण अर्ध्या ताकदीने: कपाळावर, नाकावर, काखेत घाम आला आणि तोंडाला कोरड पडू लागली की थांबा. कफाचा माणूस घामाने निथळेपर्यंत पळाला तरी सोसतो, तुम्हाला त्याने थकवा येईल. वसंतातले उटणे दिवाळीच्या अभ्यंगासारखे तेलात भिजलेले नसते. कोरडे हरभऱ्याचे किंवा मसुराचे पीठ, थोडे त्रिफळा चूर्ण, खालून वर लवीच्या उलट दिशेने चोळतात. तुम्ही आधी हलका तेलाचा हात फिरवा, मग आठवड्यातून दोनदा हे उटणे लावा. नाकात अणुतेलाचे (नाकात घालायच्या आयुर्वेदिक औषधी तेलाचे) दोन-दोन थेंब सकाळी, उपाशीपोटी, आंघोळीआधी घाला. अणुतेलासाठी चरकांनी सांगितलेल्या तीन ऋतूंत वसंत आहे. मात्र नवी सर्दी वाहत असेल किंवा ताप असेल त्या दिवसांत घालू नका. तेव्हा ओव्याची पुरचुंडी गरम करून हुंगणे आणि वाफ घेणे पुरते.

दुपारची झोप मात्र कठोरपणे टाळा. एवढ्या एका गोष्टीने जडपणा किती कमी होतो हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. जेवणानंतर शंभर पावले चाला आणि डुलकी आवरतच नसेल तर खुर्चीतच पाच-दहा मिनिटे डोळे मिटा, आडवे होऊ नका.

हे सगळे सोमवारपासून एकदम सुरू करू नका. एक ऋतू संपतानाचा आठवडा आणि दुसरा सुरू होतानाचा आठवडा हा ऋतुसंधी. त्या पंधरवड्यात जुन्या सवयी थोड्याथोड्या सोडाव्यात आणि नव्या थोड्याथोड्या धराव्यात, असे शास्त्र आहे. पहिले तीन-चार दिवस फक्त लाडू, रात्रीचे दही आणि दुपारची झोप बंद करा. मग धान्य बदला. मग उटणे आणि व्यायाम. वाताच्या माणसाला अचानक बदल सोसत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा क्रम पथ्याइतकाच महत्त्वाचा.

थांबायचे कधी? दुपारी बाहेर पडवेनासे झाले, तहान वाढली, लघवी गडद होऊ लागली, झोप उडू लागली की तुमच्यापुरता वसंत संपला. उटणे आणि मध तिथेच बंद करा आणि व्यायाम कमी करा. दूध, तूप, कोकम सरबत, धने-जिऱ्याचे पाणी सुरू करा. ग्रीष्मात दुपारची थोडी झोपही चालते. बरेच लोक वसंताचे पथ्य उत्साहाने मेअखेरपर्यंत ओढतात आणि पावसाळ्यात सांधे धरून बसतात. ग्रीष्मात वात साठत असतो, वात-पित्ताच्या माणसाने ती चूक तर मुळीच करू नये.

सकाळी एकामागून एक शिंका, डोळ्यांना आणि टाळूला खाज, नाकातून पाण्यासारखा स्राव असेल तर परागकणांची किंवा धुळीची अॅलर्जी असू शकते, ती तपासून घ्या. धाप लागणे, छातीत घरघर, दोन-तीन दिवसांवर टिकलेला ताप, चेहऱ्यात ठणका आणि नाकातून घट्ट पिवळा स्राव यांपैकी काही असेल तर पथ्याच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. इनहेलर, थायरॉइडची, रक्तदाबाची किंवा इतर कोणतीही चालू औषधे स्वतःहून बंद करू नका.

पुढे विचारायचे असेल तर एवढे लिहून कळवा: सकाळी दात घासण्याआधी जिभेवर थर असतो का, खरी भूक पहिल्यांदा किती वाजता लागते, शौचाला रोज साफ होते का, आणि रोजची काही औषधे चालू आहेत का. मध-लिंबू बंद केल्यावर जळजळ आठवड्यात थांबली की नाही, हेही त्यात लिहा. थांबली असेल तर नागरमोथ्याऐवजी सौम्य सुंठीकडे कधी वळायचे ते सांगता येईल.